कृषिसंशोधनाचा शासकीय अर्थपुरवठा

शेतीविषयक शास्त्रीय संशोधनासाठी शासनाने आपल्या सर्वसाधारण महसुलातून किंवा खास बसविलेल्या उपकरातून उपलब्ध करून दिलेला पैसा व तो संशोधनकेंद्रांपर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था. भारतात ही व्यवस्था मुख्यतः भारतीय कृषि अनुसंधान परिषद या राष्ट्रीय संस्थेमार्फत चालते. परिषदेची स्थापना १९२९ मध्ये झाली. तेव्हापासून तिला पैसा मिळण्याचे आणि तिने तो वाटण्याचे मार्ग वेळोवेळी बदलत गेले. सोलापूर येथे परिषदेच्या पैशातून १९३३ पासून संशोधन होत आले असून मुदतबंद योजना, केंद्र व राज्य यांची भागीदारी आणि संपूर्णतः केंद्राच्या खर्चाची संस्था हे तिन्ही प्रकार त्या एका शहरात आढळतात. म्हणून प्रस्तुत लेखात अर्थपुरवठ्याच्या पद्धतींचे विवेचन सोलापूरच्या उदाहरणाने केले आहे.

शासकीय पैशाची आवश्यकता : कारखानदारीतील शोधाचे एकस्व घेता येते आणि शोधावर झालेला खर्च मालाच्या किंमतीतून वसूल करता येतो. शेतीतील पुष्कळशा शोधांना हे लागू पडत नाही. रब्बी ज्वारी कोणत्या पंधरवड्यात पेरावी, बांध किती अंतरावर घालावेत, उतारावरील पाणी जागच्या जागी कसे मुरवावे यांविषयीचे ज्ञान एकदा सिद्ध झाले, की ते बांधालगतच्या शेतकऱ्याला फुकट मिळते. ज्वारीचे सुधारलेले बीही शेतकरी आपल्याच पिकातून पुढील वर्षासाठी राखून ठेवू शकतो. अशा संशोधनावर खाजगी भांडवल सहसा खर्च होत नाही. अल्पभूधारक शेतकऱ्याला स्वतः प्रयोग करण्याइतके क्षेत्र वा पैसा नसतो. शिवाय अनियमित पावसाच्या प्रदेशात एखाद्या वर्षाचा निष्कर्ष पुढील वर्षी खोटा ठरू शकतो. त्यामुळे प्रयोग चांगल्या, मध्यम व अवर्षणाच्या अशा सर्व प्रकारच्या वर्षांतून न्यावे लागतात. हा दीर्घ मुदतीचा खर्च शासनालाच उचलावा लागतो.

पूर्वपीठिका : १८७६–७८ च्या दुष्काळाची झळ दख्खनला तीव्रतेने लागली, सोलापूर जिल्हा त्यातील अत्यंत पीडित जिल्ह्यांपैकी होता. या दुष्काळानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० साली प्रांतोप्रांती शेतकी खाती काढण्याची शिफारस केली. या खात्यांचा खर्च प्रांतिक महसुलातून होत असे व संशोधनाच्या वाट्याला त्यातील थोडाच भाग येई. संशोधनासाठी स्वतंत्र उत्पन्न प्रथम मिळाले ते कापसाला. भारतीय मध्यवर्ती कापूस समिती १९२१ मध्ये स्थापन झाली व १९२३ च्या कायद्याने निर्यात होणाऱ्या, तसेच देशातील गिरण्यांत वापरल्या जाणाऱ्या कापसावर गाठीमागे ठराविक उपकर बसविण्यात आला. साहजिकच सोलापूरच्या कापडगिरण्यांत येणारा कापूसही या उपकराच्या कक्षेत आला. कापूस बाजारात आणि गिरणीत जात असल्यामुळे त्याच्यावर उपकर बसविणे व तो गोळा करणे सोपे होते. ज्वारीची गोष्ट निराळी होती. ती मुख्यतः पिकविणाऱ्याच्याच घरी किंवा जवळपासच्या आठवडी बाजारात खपे. तिच्यावर असा उपकर बसविण्यास जागा नव्हती. त्यामुळे जिल्ह्यातील बहुसंख्य लोकांचे मुख्य अन्न असलेले पीक संशोधनाच्या स्वतंत्र उत्पन्नाला मुकले. संशोधनाचा पैसा पिकाच्या बाजारमूल्यातून उभा करावयाचा ठरविले, तर पोटाची पिके मागे पडतात, हा या व्यवस्थेचा मूलभूत दोष पुढेही वारंवार प्रत्ययास आला.

परिषदेची स्थापना व प्रारंभिक निधी : १९१९ च्या सुधारणा कायद्यान्वये शेती हा प्रांतांकडे सोपविलेला विषय झाला, त्यामुळे मध्यवर्ती सरकारला प्रांतांतील शेतकी संशोधनावर प्रत्यक्ष खर्च करण्यास अडचण पडू लागली. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषि आयोगाने (१९२६–२८) यावर तोडगा सुचविला. सरकारी खाते न काढता एक स्वतंत्र परिषद स्थापावी, तिच्या हाती ५० लक्ष रुपयांचा निधी द्यावा आणि तिने प्रांतांकडून येणाऱ्या योजनांची छाननी करून त्यांना अनुदाने द्यावीत, अशी ती शिफारस होती. तदनुसार १९२९ साली संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली इंपीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्च ही संस्था नोंदविण्यात आली. सरकारने ५० लक्षांऐवजी २५ लक्ष रुपयांचे ठोक अनुदान मंजूर केले व त्याला वार्षिक किमान ७·२५ लक्ष रुपयांची जोड दिली. त्यांपैकी ५ लक्ष रु. शास्त्रीय कार्यासाठी व २·२५ लक्ष रु. कार्यालयीन खर्चासाठी होते. नोंदणीकृत संस्था असल्यामुळे परिषदेला सरकारी पैसा स्वीकारता येई आणि तो प्रांत, संस्थाने व विद्यापीठे यांना वाटताही येई. नोंदणीकृत संस्थेचे हे स्वरूप आजतागायत कायम आहे. पुढे ‘इंपीरियल’ हा शब्द जाऊन तिचे नाव ‘भारतीय कृषि अनुसंधान परिषद’ असे झाले.

सोलापूरची कोरडवाहू शेती योजना : मुंबई इलाख्यातील अवर्षणप्रवण प्रदेशासाठी १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे व्ही. ए. ताम्हणे यांनी कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू केले होते. परंतु पैशाअभावी त्यांचा व्याप मर्यादित राहिला. परिषदेने १९३३ पासून या प्रश्नाकडे अखिल भारतीय दृष्टीने लक्ष दिले आणि सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर व रोहतक या पाच ठिकाणच्या केंद्रांना अनुदाने दिली. यांपैकी सोलापूर व विजापूर ही केंद्रे प्रथम, म्हणजे १९३३ मध्ये, सुरू झाली. एन्. व्ही. कानिटकर यांच्या मार्गदर्शनाखाली सोलापूरला जमिनीतील ओलाव्याचे मापन, पावसाचे वाहून जाणारे पाणी व त्याबरोबर जाणारी माती यांची मोजणी, नांगरटीची खोली, पेरणीतील अंतर व बियाण्याचे प्रमाण यांविषयी प्रयोग झाले. सोलापूरला वर्षाकाठी सरासरी सु. ७०० मिमी. पाऊस पडतो, तथापि त्याची वाटणी फार असमान असते व त्यातील मोठा भाग सप्टेंबरात येतो. काळ्या चिकण जमिनीत मुरलेल्या या ओलाव्यावरच रब्बी ज्वारी वाढते. म्हणून पडलेला पाऊस शेतात अडविणे हाच प्रयोगांचा मुख्य उद्देश होता.

सु. दहा वर्षांच्या कामातून ‘मुंबई पद्धत’ या नावाने ओळखली जाणारी कोरडवाहू शेतीची पद्धत तयार झाली. शेतास बांध घालणे, तीन वर्षांतून एकदा नांगरट, शेणखताचा वापर, पेरणीत रुंद अंतर, कमी बियाणे आणि वारंवार कोळपणी ही तिची अंगे होत. पाचही केंद्रांच्या कामाचा आढावा घेणारा कानिटकर यांचा ग्रंथ परिषदेने १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. या पद्धतीने उत्पन्नात शेकडा १५ ते २० वाढ होई; पण मूळ उत्पन्नच हेक्टरी २०० ते ४०० किग्रॅ. असल्यामुळे प्रत्यक्षात पदरात पडणारी वाढ थोडी होती व शेतकऱ्यांनी ती पद्धत सर्वत्र उचलली नाही. मात्र बांधबंदिस्तीचा भाग टिकला. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने तिला शासकीय कार्यक्रमाचे रूप आले आणि दुष्काळी कामांतून सोलापूर व लगतच्या जिल्ह्यांत बांध घालण्यात आले.

मुदत संपताच परिषदेचे अनुदान थांबे व पुढील भार प्रांतिक सरकारने उचलावा अशी अपेक्षा असे. या पद्धतीत नव्या कल्पनेला चटकन पैसा मिळे हा गुण होता. परंतु दीर्घकाळ चालवावयाच्या निरीक्षणांना तिच्यात आधार नव्हता. १९५४ च्या सुमारास केंद्र सरकारने मृद्‌संधारणाची संशोधनकेंद्रे काढली, तेव्हा काळ्या जमिनीसाठी बेल्लारीची निवड झाली. सोलापूरचे केंद्र राज्याच्या शेतकी खात्याकडेच राहिले.

याच काळात परिषदेच्या कोरडवाहू योजनेबाहेर झालेले एक काम उल्लेखनीय आहे. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे १९३०–४० या दशकात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवडपद्धतीने एम ३५-१ हा वाण काढण्यात आला. टपोरा, चमकदार दाणा, उत्तम भाकरी व भरपूर कडबा यांमुळे तो रब्बी ज्वारीच्या सर्व प्रदेशांत पसरला आणि नवीन वाणांची प्रतवारी लावताना तुलनेसाठी आजही घेतला जातो. या वाणासाठी झालेला खर्च ज्या पिढीने केला, तिच्या नंतरच्या अनेक पिढ्यांना त्याचा लाभ मिळत आला आहे. संशोधनाच्या खर्चाचे मोल ठराविक मुदतीच्या हिशेबात का बसत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

निर्यातीवरील उपकर : अनुदानाच्या अनिश्चिततेवर उपाय म्हणून १९४० मध्ये कृषि उत्पादन उपकर कायदा करण्यात आला. फळे, मसाले, तंबाखू, कातडी, लोकर इ. निर्यात मालावर मूल्याच्या अर्धा टक्का उपकर घेऊन त्याचे उत्पन्न परिषदेला द्यावे, अशी ही तरतूद होती. तिच्यामुळे परिषदेला हक्काचे उत्पन्न मिळाले. तथापि निर्यातीच्या चढउतारांबरोबर ते कमीजास्त होई आणि परिषदेचा व्याप वाढत गेला, तसा त्याचा वाटा गौण ठरला. २००६ साली हा उपकर कायद्याने रद्द करण्यात आला. तेव्हापासून परिषदेची मुख्य भिस्त केंद्राच्या सर्वसाधारण महसुलावर आहे. प्रकल्पनिहाय बाहेरील साहाय्य आणि बियाणे, रोपे, प्रशिक्षण व सल्ला यांपासूनचे उत्पन्न ही तिची पूरक साधने होत.

पुनर्रचना : स्वातंत्र्यानंतर संशोधनाचा पैसा परिषद, निरनिराळ्या पिकांच्या मध्यवर्ती समित्या आणि केंद्रीय कृषि मंत्रालय यांच्यात विभागला गेला होता. एम्. डब्ल्यू. पार्कर यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर १९६५–६६ मध्ये पीकवार समित्या बरखास्त झाल्या, केंद्रीय संशोधनसंस्था परिषदेच्या नियंत्रणाखाली आल्या आणि बी. पी. पाल या शास्त्रज्ञाची पहिले महासंचालक म्हणून नेमणूक झाली. डिसेंबर १९७३ मध्ये केंद्र सरकारात कृषि संशोधन व शिक्षण विभाग निर्माण करण्यात आला. परिषदेचा महासंचालक हाच या विभागाचा सचिव असतो. त्यामुळे संसदेपुढे अनुदानाची मागणी ठेवणारा विभाग आणि त्या पैशाचा विनियोग करणारी परिषद यांच्या शिरोभागी एकच व्यक्ती राहते.

केंद्र व राज्य यांची भागीदारी : मक्यासाठी १९५७ मध्ये पहिला अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला व ही पद्धत पुढे इतर पिकांना व विषयांना लागू करण्यात आली. तीत परिषद प्रकल्पाच्या मंजूर खर्चाचे सर्वसाधारणपणे ७५ टक्के देते व उरलेले २५ टक्के राज्याने कृषि विद्यापीठामार्फत घालावयाचे असतात. जमीन, इमारती व मूलभूत सोयी विद्यापीठाच्या असतात. कोरडवाहू शेतीचा समन्वित प्रकल्प कॅनडाच्या सहकार्याने १९७० मध्ये सुरू झाला. त्याचे मुख्य ठाणे हैदराबाद असून सोलापूर हे त्याच्या केंद्रांपैकी एक आहे. सोलापूरचे संशोधनकेंद्र राहुरी येथील महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या अखत्यारीत असल्यामुळे तेथे राज्याचा व केंद्राचा पैसा एकत्र येतो.

या भागीदारीमुळे १९३३ च्या योजनेत नसलेले सातत्य आले. पावसाळ्यात शेताचे बंदिस्त वाफे पाडून ओल साठविणे, सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ज्वारीची लवकर पेरणी, दोन चाड्यांच्या पाभरीने बी व खत एकाच वेळी पेरणे, पाऊस लांबल्यास घ्यावयाची पर्यायी पिके इ. शिफारशी यातून पुढे आल्या. विद्यापीठाच्या ज्वारी संशोधनातून हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा व खोल जमिनीसाठी फुले वसुधा असे जमिनीच्या खोलीनुसार वाण देण्यात आले. भागीदारीची दुसरी बाजू अशी, की केंद्राच्या अनुदानाचा पूर्ण उपयोग होण्यास राज्याचा वाटाही वेळेवर मिळावा लागतो. तो लांबला अथवा रिक्त जागा भरल्या गेल्या नाहीत, तर प्रकल्प कागदोपत्री चालू राहूनही प्रयोगक्षेत्र आकसते.

संपूर्ण केंद्रीय संस्था : दहाव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, सप्टेंबर २००५ मध्ये, परिषदेने सोलापूर येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन केले. त्याचे मुख्य आवार शहराजवळ केगाव येथे आहे. या केंद्राचा खर्च सर्वस्वी परिषद करते. रब्बी ज्वारीसाठीही सोलापुरात परिषदेचे केंद्र आहे; मात्र ते हैदराबाद येथील भारतीय भरडधान्य संशोधन संस्थेची शाखा म्हणून चालते. डाळिंबाला स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र मिळण्यामागे या फळाचे निर्यातमूल्य आणि महाराष्ट्रातील बागांवर आलेले तेल्या या जीवाणुजन्य रोगाचे संकट ही दोन्ही कारणे होती. केंद्राने रोगनियंत्रण, रोपनिर्मिती व बागेचे व्यवस्थापन यांबरोबरच संकरातून नवे वाण काढण्याचे काम हाती घेतले. लोह, जस्त व क जीवनसत्त्व यांचे प्रमाण अधिक असलेला ‘सोलापूर लाल’ हा वाण २०१७ मध्ये प्रसारित झाला. केंद्राच्या स्थापनेपासून या वाणाच्या प्रसारापर्यंत बारा वर्षे लोटली आणि तेवढ्या अवधीत दहावी, अकरावी व बारावी अशा तीन पंचवार्षिक योजना येऊन गेल्या. संकर करणे, रोपांना फळे धरू देणे, त्यांतून निवड करणे व निवडलेल्या झाडांची पुन्हा परीक्षा घेणे यांत काळ जातोच. तो पैशाने कमी करता येत नाही. मात्र मध्येच पैसा थांबल्यास तोवरचे कामही वाया जाते.

सोलापूरची डाळिंबे व मंगळवेढ्याची ज्वारी या दोहोंना २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले. यांतील एक पीक परदेशी बाजारपेठेचे, तर दुसरे कोरडवाहू शेतकऱ्याच्या ताटातले. दोहोंमागे शासकीय संशोधन उभे असले, तरी एकाला स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र व दुसऱ्याला शाखा आणि भागीदारीतील प्रकल्प, असा अर्थपुरवठ्यातील फरक राहिला आहे.

अनुदानाची कार्यपद्धती : केंद्रे आपल्या गरजांचे अंदाज परिषदेला सादर करतात. परिषदेची एकत्रित मागणी कृषि संशोधन व शिक्षण विभागामार्फत अर्थ मंत्रालयाकडे व अर्थसंकल्पाच्या रूपाने संसदेपुढे जाते. संसदेच्या मंजुरीनंतर वेतन, सर्वसाधारण खर्च व भांडवली मत्ता अशा शीर्षांखाली हप्त्याहप्त्याने अनुदान मिळते. खर्चाचे विनियोग प्रमाणपत्र द्यावे लागते व हिशेब नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या तपासणीस पात्र असतात. २०२५–२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या विभागासाठी सु. १०,४६६ कोटी रुपयांची तरतूद होती. एकूण अंदाजित खर्चाच्या मानाने हे प्रमाण सु. ०·२ टक्के भरते. तरतुदीचा मोठा भाग वेतन व निवृत्तिवेतन यांत जातो. त्यामुळे एकूण आकडा वाढला, तरी प्रयोगशाळा व प्रयोगक्षेत्र यांच्या वाट्याला येणारी रक्कम त्याच प्रमाणात वाढेलच असे नाही.

२०१७ पर्यंत योजनांतर्गत व योजनाबाह्य असे खर्चाचे दोन वर्ग होते. नवीन कामाला योजनांतर्गत पैसा मिळे. योजना संपल्यावर चालू ठेवावयाचा खर्च योजनाबाह्य वर्गात जाई व तेथे काटकसरीची कात्री प्रथम लागे. २०१७–१८ पासून हा भेद काढून टाकण्यात आला व योजनांच्या मुदती वित्त आयोगाच्या कालावधीशी जुळविण्यात आल्या.

शेतीचे वर्ष व हिशेबाचे वर्ष : आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते व त्या तारखेपर्यंत खर्च न झालेल्या अनुदानावर केंद्राचा हक्क सहसा राहत नाही. सोलापूरची रब्बी ज्वारी मात्र फेब्रुवारी–मार्चमध्ये काढणीस येते. कणसे खुडणे, मळणी व वजने ही प्रयोगातील महत्त्वाची कामे वर्षअखेरीच्या घाईत येतात आणि मातीचे व दाण्याचे पृथक्करण पुढील आर्थिक वर्षात जाते. पूर्वी अर्थसंकल्प फेब्रुवारीअखेर मांडला जाई व पूर्ण मंजुरीस मे महिना उजाडे. तोवर लेखानुदानावर भागवावे लागे. २०१७ पासून तो १ फेब्रुवारीस मांडण्यात येऊ लागल्याने ही अडचण कमी झाली आहे. निवडणुकीच्या वर्षी मात्र लेखानुदानाचा अवलंब करावाच लागतो.

मूल्यमापन : शासकीय अर्थपुरवठ्याच्या प्रत्येक पद्धतीची बलस्थाने व उणिवा सोलापूरच्या अनुभवावरून दिसतात. मुदतबंद योजना नव्या प्रश्नाला त्वरित हात घालते, पण तो सोडतेही लवकर. उपकर निश्चित उत्पन्न देतो. तथापि तो बाजारात जाणाऱ्या पिकांभोवतीच फिरतो. भागीदारीत स्थानिक गरजांचे भान राहते. पण दोन तिजोऱ्यांवर अवलंबून राहावे लागते. केंद्रीय संस्थेला स्थैर्य लाभते, मात्र कोणत्या पिकासाठी ती काढावयाची याचा निर्णय दूरवर होतो. यांतील कोणतीही एक पद्धत पुरेशी नाही. ज्या पिकामागे व्यापारी हितसंबंध उभे आहेत, त्याच्यासाठी पैसा मागणारे अनेक असतात. कोरडवाहू ज्वारी, जमिनीची धूप आणि पावसाच्या दीर्घकालीन नोंदी यांच्यासाठी सर्वसाधारण महसुलाखेरीज दुसरा दाता नाही. सार्वजनिक पैशावर त्यांचा अग्रहक्क आहे, तो यामुळेच. या खर्चाची कसोटी त्या वर्षीच्या उत्पन्नवाढीत पाहून चालत नाही. अवर्षणाच्या वर्षी शेतकऱ्याच्या घरात भाकरी व जनावरांपुढे कडबा राहिला की नाही, यावरूनच ती लावावी लागते.